सहाव्या खळग्यातले लॉक

गडहिंग्लज,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. ऋतुजा हिस मामाचे आशीर्वाद.

पाकिटाच्या मागे तू 'वाघोली, पुणे' असा पत्ता लिहितेस. पोस्टाने तो मान्य केला आहे. मी अजून विचार करतो आहे.

हे सगळे फोनवर का नाही, असे तू विचारलेस. फोनवर माझे कान दहातले चार शब्द गाळतात, आणि इंजिन उघडताना नेमका 'नको' हा शब्द गळला तर पंचाईत. शिवाय लिहिलेले वाक्य हातात पाना असताना पुन्हा वाचता येते. इथल्या कॉलेजने या सत्रापुरते इंजिनांचा विषय शिकवायला बोलावले आणि निवृत्त माणसाला नाही म्हणवले नाही; एरवी हे काम मीच केले असते आणि तुला शेजारी बॅटरी धरून उभे केले असते. मेकॅनिकलची पदवी घेऊन तू संगणकाच्या चुका शोधतेस. त्या पदवीला आता जरा हवा लागेल.

प्रथम रोग समजून घेऊ. इंजिनातला प्रत्येक सिलिंडर म्हणजे एक खोली असे समज. खोलीला दोन दारे: एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. ही दारे म्हणजे व्हॉल्व्ह. खालून पुशरॉड नावाची सळई वर येते, रॉकर नावाची तरफ झुलते आणि दार उघडते. स्प्रिंग ते पुन्हा मिटते. आपल्या फियाटला चार खोल्या आणि आठ दारे आहेत. सकाळी निळा धूर येतो, त्याअर्थी दाराच्या दांड्याभोवतीचे सील झिजून तेल आत झिरपते आहे. टकटक ऐकू येते, त्याअर्थी एखादी स्प्रिंग मोडली आहे किंवा पुशरॉड वाकला आहे. तिन्हींचे नवे संच सहकारनगरला घरी माझ्या कपाटात खालच्या फळीवर आहेत. गॅरेजवाल्याने इंजिनच बदलायला सांगितले होते. दात दुखतो म्हणून डोके बदलण्याचा तो सल्ला मी नम्रपणे नाकारला.

या शनिवारी एवढेच कर. वरचे झाकण काढ. रॉकरचा दांडा ज्या नटांनी धरला आहे, ते एकदम सोडू नकोस. खाली स्प्रिंगांचा जोर आहे. दोन्ही कडांकडून मध्याकडे, प्रत्येकी अर्धा आटा, पुन्हा पुन्हा फिरत जा. दांडा सुटला की पुशरॉड जरा पिळून मग वर ओढ. आणि सर्वांत महत्त्वाचे: जो भाग जिथून निघाला, तो तिथेच परत गेला पाहिजे. साठ वर्षे एकमेकांवर घासून ते एकमेकांचे झाले आहेत. त्यांची जागा बदलली तर संसार मोडतो.

हा सगळा आटापिटा कशासाठी, तेही सांगून ठेवतो. तुझी आई यंदा यवतमाळहून भाऊबिजेला तुझ्याकडे येणार. तेवीस ऑक्टोबरला मी स्वतः गाडी चालवत, शेजारी तुझ्या मामीला बसवून, सहकारनगरहून नगर रस्त्याने तुमच्या दारात उतरणार आहे. ओवाळून घ्यायला रिक्षाने गेलो, असे आजवर झालेले नाही.

तुझा,
शरच्चंद्रमामा


वाघोली,
रविवार, २१ सप्टेंबर

ती. मामांना सा. न.

कालचा पूर्ण दिवस आणि आजची सकाळ सहकारनगरला होते. दांडा निघाला. अर्धा आटा, अर्धा आटा करत मनगट भरून आले, पण एकही नट कुरकुरला नाही. पुशरॉड पिळून काढले. सहावा वाकला आहे. काचेवर लोळवला तर लंगडत जातो. सहाव्याच व्हॉल्व्हची स्प्रिंग तळाशी मोडली आहे. म्हणजे तुमची दोन्ही निदाने एकाच दारात सापडली.

भाग वेगळे ठेवायला काही मिळेना. पुशरॉड पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत उभे केले, पण छोट्या वस्तू पुठ्ठ्यावर थांबत नाहीत. शेवटी मामीचे आप्पेपात्र मागून घेतले. बारा खळगे आहेत. त्यांतल्या आठांना रेडिएटरकडून एक ते आठ असे रंगाने आकडे घातले. मामी म्हणाली, "घाल, घाल. चाळीस वर्षे तुझ्या मामांनी माझ्या स्वयंपाकघरातले काही न्यायचे ठेवले नाही, तू तरी का मागे राहतेस?" पण दिले.

एक सांगू का? मामीचे लक्षण मला बरे दिसत नाही. चहा आणून देते आणि इंजिनाकडे बघत उभी राहते. आज मी म्हटले, "मामी, भाऊबिजेला मस्त राणीसारखी बसून ये." तर म्हणाली, "गाडी चालू होईल ती होईल. तुझ्या मामांना लिही आणि त्यांच्या डोळ्यांचे काय ते विचार." मी म्हटले, तूच विचार ना. त्यावर कप उचलून आत गेली.

म्हणून विचारते. डोळ्यांना काय झाले आहे?

आता स्प्रिंगा कशा काढायच्या? दार मिटून धरणारी स्प्रिंगच काढली तर व्हॉल्व्ह आत पडणार नाही का?

तुमची,
ऋतुजा


गडहिंग्लज,
बुधवार, २४ सप्टेंबर

चि. ऋतुजा,

तुझा शेवटचा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला, की तो मी दुसऱ्या दिवशी वर्गात जसाच्या तसा विचारला. साठ मुलांपैकी एकाच्याही मनात व्हॉल्व्ह आत पडला नाही.

पडेल, नक्की पडेल. आणि सिलिंडरमध्ये पडलेला व्हॉल्व्ह काढायला इंजिनाचे अख्खे डोके उतरवावे लागते. म्हणून त्याला आतून आधार द्यायचा. प्लग काढ. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत सोड, वाव-दीड वाव; दोन्ही हात पसरले की एक वाव. नायलॉनची नको. एक टोक बाहेर लोंबते ठेव. मग इंजिन हाताने फिरवायचे पुढचे हँडल हलकेच फिरव. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा दाबला जातो आणि तो गोळा दोन्ही दारे खालून उचलून धरतो. माझ्या मते कोणाही यंत्रज्ञाने लावलेल्या शोधांत हा सर्वांत सभ्य आहे: पोलादाला कापसाचा टेकू.

आता स्प्रिंग दाबायचे अवजार लावून ती खाली दाब. व्हॉल्व्हच्या मानेभोवती नखाएवढी दोन अर्धगोल पाने दिसतील. त्यांना लॉक म्हणतात. दोन अर्धी मिळून एक लॉक; स्प्रिंगला दाराशी बांधून ठेवणारे तेवढेच. चुंबकाने उचल. स्प्रिंग काढ, सील बदल, नवी स्प्रिंग बसव, तीच दोन अर्धी पाने परत लाव. एका वेळी एकच सिलिंडर.

आता नीट वाच. लॉक काढण्यापूर्वी, पुशरॉडच्या आणि तेल खाली जाण्याच्या प्रत्येक भोकात चिंधी कोंबलेली असली पाहिजे. हातातून निसटलेले अर्धे लॉक त्या भोकातून थेट इंजिनाच्या पोटात जाते. ते तिथे असताना इंजिन चालू केले, तर पुढच्या अर्ध्या मिनिटात जे होईल त्यावर मला पत्र लिहायला लावू नकोस. आणि दोरी आत असेतो हँडलला कोणाचाही हात लागता कामा नये.

डोळ्यांचे विशेष काही नाही. या वयात थेंब घालावेच लागतात. वाचन, लेखन, फळ्यावरच्या आकृत्या, सर्व उत्तम. तुझी मामी काळजी करण्यात तरबेज आहे. विषय तिला कोणताही चालतो.

तुझा,
शरच्चंद्रमामा


वाघोली,
रविवार, ५ ऑक्टोबर

ती. मामा,

हे पत्र तीन वेळा सुरू केले. सरळच सांगते. सहाव्या व्हॉल्व्हचे अर्धे लॉक सापडत नाही.

झाले ते क्रमाने लिहिते. मागच्या शनिवार-रविवारी पहिले दोन सिलिंडर पुरे झाले. दोरीची युक्ती लागू पडली. पहिल्यांदा हँडलला तो मऊ अडसर लागला तेव्हा मी एकटीच हसले. तिसऱ्या सिलिंडरचे पाचवे दार झाले. सहाव्याचे लॉक काढले, दोन्ही अर्धी सहाव्या खळग्यात ठेवली. ठेवली हे मला पक्के आठवते, कारण एकाला तेलाने काळी कड होती आणि एकाला नव्हती. मोडकी स्प्रिंग काढली, नवा सील बसवला आणि अंधार झाला म्हणून तिथेच थांबले. दोरी आत, हँडलवर 'हात लावू नये' असा कागद.

बुधवारी खंडेनवमी. ऑफिसमधून थेट सहकारनगरला गेले. मामीने गाडीची आणि सगळ्या अवजारांची पूजा मांडली होती. पाने, हातोडी, ते स्प्रिंगचे अवजार, सगळे पुसून पाटावर. आप्पेपात्र बॉनेटखाली बॅटरीवर ठेवले होते आणि झेंडूच्या माळा. मी पोचायच्या आधीच मामीने इंजिनातल्या चिंध्या काढून धुतलेल्या घातल्या होत्या. म्हणाली, "असल्या ओंगळ चिंध्यांवर मी हळदीकुंकू वाहू का?" म्हणजे काही वेळ भोके उघडी होती. किती वेळ, तिला सांगता येत नाही. पूजेच्या वेळी काय बोलायचे? आणि त्या दिवशी अवजाराला हात लावत नाहीत, म्हणून मी मोजलेही नाही.

काल सकाळी बघते तर सहाव्या खळग्यात एकच अर्धे. काळ्या कडेचे.

मामीला विचारले, निर्माल्यात गेले असेल का? ती म्हणाली, "निर्माल्यात नव्हते." मी दोन दिवस झाडून काढले. पोर्चमध्ये गुडघ्यांवर रांगले. नाही मिळाले.

नाना पेठेत एका दुकानात विचारले, लॉक मिळेल म्हणतात. आणू का?

ऋतुजा


गडहिंग्लज,
मंगळवार, ७ ऑक्टोबर

ऋतुजा,

नवे लॉक मिळते की नाही हा प्रश्नच नाही. जुने कुठे आहे, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत ते इंजिन चालू होणार नाही.

'चिंध्या काढल्या' या शब्दांशी मी पत्र खाली ठेवले. तुझ्या मामीला यंत्रातले कळत नाही, तो तिचा दोष नव्हे. पण काम तू हाती घेतले होतेस. भोके उघडी राहिली हे कळताच त्याच क्षणी मोजायला हवे होते. खंडेनवमीला अवजाराने काम करू नये असे आहे, डोळ्यांनी मोजू नये असे कोणत्याही पोथीत नाही. मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आता रागावून उपयोग नाही, क्रमाने विचार करू. आप्पेपात्र बॅटरीवर होते. तिथून एखादी वस्तू तीनच ठिकाणी जाऊ शकते: फुलांबरोबर निर्माल्यात, खाली फरशीवर, किंवा उघड्या भोकात. निर्माल्य तुझ्या मामीने पाहिले आहे, आणि ती एखादी गोष्ट नाही म्हणाली की ती नसते. हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. फरशी तू पाहिलीस. उरले इंजिन.

बुधवार पेठेत फोनला जोडायचा वायरच्या टोकाचा कॅमेरा मिळतो. तो घे आणि प्रत्येक भोकातून खाली पाहा. न दिसल्यास तेल गाळून काढ, दुहेरी फडक्यातून. त्यातही न मिळाल्यास सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची परात, उतरवावी लागेल. त्यासाठी गाडी पुढून उचलावी लागते. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचे नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे लाव आणि मगच जा.

एरवी मी म्हटले असते, मी येईपर्यंत थांब. पण मी एकोणीसला पोचणार, त्यानंतर दिवाळीत कोणी हाताशी नसणार आणि भाऊबीज तेवीसला. हे काम बारा तारखेच्या आत झालेच पाहिजे.

शरच्चंद्रमामा


वाघोली,
रविवार, १२ ऑक्टोबर

ती. मामा,

अक्षर वाकडे आहे, कारण उजव्या कोपराला थोडे खरचटले आहे. बाकी ठीक.

कॅमेऱ्याने आठही भोके पाहिली. तेल काढले, मामीच्या जुन्या साडीतून गाळले. काळा गाळ निघाला, लॉक नाही. चुंबक तळापर्यंत फिरवला, काही लागले नाही.

आज सम्प घ्यायला गाडी उचलली. दोन्ही घोडे लावले होते, तुम्ही लिहिल्याप्रमाणे. काही बोल्ट सैल झाले आहेत, अजून एकही काढलेला नाही. मग काम थांबवावे लागले. येत्या शनिवारी पुरे करीन. दोरी जागेवर आहे, सहावा व्हॉल्व्ह अजून तिच्यावरच उभा आहे. तो पडलेला नाही.

तुम्ही लिहिलेत ते बरोबर आहे, मी त्याच वेळी मोजायला हवे होते. रोज झोपताना तो खळगा दिसतो. सम्पमध्येही नसेल तर काय करायचे ते आधीच कळवून ठेवा. भाऊबिजेपर्यंत गाडी उभी करायचा माझा पूर्ण प्रयत्न आहे. आईला मी सांगून ठेवले आहे, मामा गाडीनेच येणार.

ऋतुजा


सहकारनगर, पुणे,
सोमवार, १३ ऑक्टोबर

अहो,

तुमचे अर्धे लॉक माझ्या पर्समध्ये आहे, स्कूटरच्या कागदांच्या कप्प्यात. निर्माल्यात नव्हते हे मी ऋतुजाला खरेच सांगितले. दुसरे तिने काही विचारले नाही.

तिने तुम्हांला काय लिहिले असेल ते मला माहीत आहे, म्हणून झाले ते मी लिहिते. काल दुपारी ती पोर्चमध्ये गाडीखाली होती. दोन्ही बाजूंना घोडे होते. डावीकडच्या घोड्याखालची फरशी आतून पोकळ निघाली आणि फुटली. गाडी एका अंगावर बसली. मी चहा घेऊन आले होते. मला फक्त तिचे पाय दिसत होते. कप टाकला आणि पाय धरून ओढले. कोपर आत राहिले होते ते सोलून निघाले. पाच टाके पडले आहेत. डॉक्टरांना म्हणाली, "स्कूटरवरून पडले." घरी येऊन मला म्हणाली, "मामांना सांगू नको, मी शनिवारी करते पुरे." शनिवारी ती पुन्हा त्या गाडीखाली जाणार होती, जे लॉक माझ्या पर्समध्ये आहे ते शोधायला.

आज सकाळी तिला फोन करून एवढेच सांगितले, की गाडीखाली जायचे नाही, का ते नंतर सांगीन. आधी तुम्हांला सांगायचे होते.

खंडेनवमीला स्वच्छ चिंध्या घालून झाल्या, मग मी ते उचलले. तुमच्या इंजिनात काही पडलेले नाही. माझा हिशेब साधा होता. गाडी तेवीसपर्यंत चालू होऊ नये, भाऊबीज रिक्षाने व्हावी, पुढचे पुढे. तुम्ही त्या मुलीला गाडीखाली घालाल, हे हिशेबात नव्हते.

जूनमध्ये काचबिंदूची तपासणी झाली. कागदावर तुमच्या नजरेचा डावीकडचा भाग काळा आला होता. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवणे बंद करा." बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, "रात्रीची चालवू नका म्हणाले." मी तुमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. ऋतुजाला सांगायचे नाही, ताईंना सांगायचे नाही, अशी ताकीद दिलीत. मी बोलून पाहिले, तर तुम्ही मला दृष्टीचे शास्त्र समजावून सांगितलेत, आकृती काढून. त्यानंतर मी बोलणे सोडले.

फेब्रुवारीत स्वारगेटला काय झाले ते आठवते का? दुचाकीवर एक बाई, मागे गणवेशातली मुलगी. मी ओरडले, तुम्ही ब्रेक मारलात. ती बाई काचेवर हात आपटून गेली. तुम्ही म्हणालात, "ही आली कुठून?" ती अचानक कुठूनही आली नव्हती. सिग्नलपासून आपल्या डावीकडून चालली होती. मी चाळीस वर्षे डावीकडे बसते आहे. तिकडून काय येते ते मला दिसते. त्यावर ओरडते म्हणून तुम्ही मला चारचौघांत हॉर्न म्हणता. असू दे.

लॉक ऋतुजाला देते. पण गाडी नीट झाल्यावर चालवणार कोण, ते आधी कळवा. तुम्हांला लेखी आवडते, म्हणून लेखीच कळवा.

उल्का


गडहिंग्लज,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सौ. उल्का,

तुझे पत्र बुधवारी दुपारी आले. त्याच दिवशी मी दोन उत्तरे लिहिली. दोन्ही मुद्देसूद होती. पहिल्यात तुझी चूक सिद्ध केली होती आणि दुसऱ्यात डॉक्टरांची. मग ऋतुजाचे पत्र पुन्हा काढून पाहिले. जे अक्षर मी नुसत्या खरचटल्याचे समजलो होतो, ते पाच टाक्यांचे होते. दोन्ही उत्तरे फाडली.

ज्यावर मतभेद आहे ते मोजावे, असे मी मुलांना सांगतो. म्हणून काल वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेत एक प्रयोग मांडला. जमिनीवर खडूने मोठे अर्धवर्तुळ काढले, मध्ये खुर्ची ठेवून बसलो आणि समोरच्या भिंतीतल्या खिळ्यावर नजर रोखली. आमचा शिपाई मच्छिंद्र हातात लाल डस्टर घेऊन माझ्या खांद्यामागून त्या रेषेवरून हळूहळू पुढे यायचा. दिसला की मी 'दिसला' म्हणायचे आणि त्याने थांबायचे. उजवीकडून तो खांद्याच्या जरा पुढे येताच मला दिसला. मनात म्हटले, झाले, उल्काला ही आकृती पाठवू.

मग डावी बाजू. मी खिळ्याकडे पाहत बसलो. बराच वेळ गेला. शेवटी म्हणालो, "अरे मच्छिंद्र, निघ की आता." तो म्हणाला, "सर, मी कवाच निघालोय. ह्यो काय, हितं हाय." मान वळवून पाहिले. मी बसलो ती चालकाची जागा धरली, तर तो गाडीच्या डाव्या दिव्यापाशी उभा होता. तिथे उभा राहून डस्टर हलवतही होता.

तीनदा केले. तिसऱ्यांदा त्याला सांगितले, की चालताना मोठ्याने बोलत राहा. त्याचे बोलणे ऐकू येत होते, तो नव्हता.

यातली एक गोष्ट मला शास्त्र म्हणून ठाऊक होती, पण कळलेली नव्हती. दिसेनासे झाले की तिथे काळोख दिसेल, असे मी धरून चाललो होतो. आणि काळोख दिसत नाही, त्याअर्थी सर्व दिसते. पण तिथे भिंत होती, खिडकी होती, सगळे जागच्या जागी. मच्छिंद्र तेवढा नव्हता. ती बाई आली कुठून, असे मी विचारले ते खोटे नव्हते, उल्का. माझ्या रस्त्यावर ती नव्हतीच.

आता व्यवस्था. लॉक ऋतुजाला दे आणि का घेतलेस तेही सांग. मी तिला वेगळे पत्र लिहितो आहे, त्यात माझ्या वाट्याचे लिहीन. पंधरवडाभर तिने जो भार वाहिला, तो माझ्या घाईचा होता. टाके निघेपर्यंत तिने कशालाही हात लावायचा नाही. मग वरचे काम ती पुरे करील. ते तिचेच आहे. सम्पचे सैल बोल्ट आवळायला मात्र कोणीही पोर्चमध्ये गाडीखाली जाणार नाही. गाडी बांधून गॅरेजच्या खड्ड्यावर न्यायची. तो गॅरेजवाला मला चार शब्द ऐकवील. ऐकू आले तर ऐकीन.

भाऊबिजेला रिक्षाने जाऊ. बहिणीला दाराशीच सांगेन, का ते.

तू विचारले आहेस, चालवणार कोण. ऋतुजाला वाघोलीहून येऊन ती नियमाने चालवणे जमणार नाही, आणि उभी ठेवली तर एवढे सगळे कशासाठी केले? तू चाळीस वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकी चालवते आहेस. रस्ता तुला माझ्याहून अधिक कळतो, यंत्र कळायला महिना पुरेल. मनात नसेल तर सरळ नाही म्हण, मी समजावत बसणार नाही. असेल, तर शिकाऊ परवान्याचे आपण दिवाळीनंतर पाहू.

तोवर एक करून बघ. गाडी आधी घोड्यांवरून चाकांवर उतरवून घे, आणि बंदच असू दे. उजवीकडे बस. आसनाखाली लोखंडी पट्टी आहे, ती वर ओढून आसन पुढे सरकव. माझे पाय लांब, म्हणून ते कायम मागे असते. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. गिअर स्टिअरिंगच्या डावीकडे आहे. तो ओढायचा नसतो, हाताने सुचवायचा असतो. आरसे तुझ्या उंचीला लावून घे. पूर्वीच्या खुणा पाहू नकोस, त्या माझ्या आहेत.

मी डावीकडे बसेन. सूचना देत राहीन, ते माझ्याने थांबणार नाही. त्यांतल्या हव्या तेवढ्या ऐक. डावीकडून काय येते आहे, हे मात्र मला विचारू नकोस. ते तूच पाहा.

शरच्चंद्र